बिनविस्तवाची ऑर्डर

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाई, आधी माफी मागतो. ही वही तुम्ही मला चोवीस मार्चला दिली, रोज दोन ओळी लिहा म्हणालात, आणि मी आज सोळाव्या दिवशी लिहायला बसलो आहे. विसरलो असं कृपा करून समजू नका. वही रोज उशाशी होती. पण लिहायचं काय? सकाळी उठलो, अंघोळ केली, बसलो, जेवलो, परत बसलो. हे सोळा वेळा लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाल्या असता की म्हाताऱ्याचं डोकं एकाच जागी फिरतं आहे.

नाव नत्थुजी. वय त्र्याहत्तर. राहणार अमरावती. शिक्षण सातवी पास. आठवीत बसलो होतो, पण दिवाळीआधीच उठलो आणि एका आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला लागलो. पुढे चाळीस-बेचाळीस वर्षं लग्नाच्या पंगती केल्या. वरूडपासून बार्शीटाकळीपर्यंत किती गावांत मी वरण ढवळलं हे मोजलेलं नाही, पण कोणत्या लग्नात किती डाळ लागली ते विचारा, सांगतो. तुम्ही मात्र तारीख विचारलीत आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. शंभरातून सात कोण कमी करतं? आमच्या धंद्यात पाहुणे नेहमी वाढतात.

फेब्रुवारीत जे झालं ते माझ्या मुलाने, नितेशने, तुम्हाला सांगितलंच आहे. मी दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेर ओट्यावर आलो. आमच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली सहदेव इस्त्रीची गाडी लावतो. त्याने विचारलं, तीनशे माणसांना तुरीची डाळ किती लागते. असल्या प्रश्नाला मला अर्धवट उत्तर देता येत नाही. पाहुणे नागपूरकडचे की खामगावकडचे, पंगत दुपारची की संध्याकाळची, हे सगळं पाहावं लागतं. तोवर दूध आटलं, पातेलं लाल झालं आणि बाजूच्या फडक्याने पेट घेतला. नितेशने ते विझवलं. त्याची तीन बोटं भाजली. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमच्या शेगडीची दोन्ही बटणं काढलेली असतात. दुर्गाबाई, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकाला बसवते आणि काम झालं की काढून पदराच्या गाठीत बांधते. ती भजनाला गेली की बटणंही भजनाला जातात. घरात काडी ओढणार नाही असं वचन मी नितेशला दिलं आहे. अठ्ठावीस तारखेला तुम्ही ही वही वाचून सांगणार आहात की बटणं परत शेगडीवर बसवायची की नाही. मला तेवढंच पाहिजे. स्वतःचा चहा स्वतः करून प्यायचा, एवढीच गोष्ट आहे. दुर्गाबाई चहा चांगला करते, पण ती तो तिला वाटेल तेव्हा करते.

१० एप्रिल, गुरुवार

आज लिहिण्यासारखं घडलं.

नितेशची मुलगी दामिनी. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं, पुण्याच्या एका हॉटेलात दोन वर्षं काढली आणि आता इथे घरूनच पार्टीच्या खाण्याच्या ऑर्डरी घेते. आतापर्यंत चार झाल्या, चारही वाढदिवस. आज पाचवी आली आणि ती मोठी आहे. अकोल्याला कहकशाँ मॅडम म्हणून शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचा मुलगा शाहनवाज सहा वर्षांनी नॉर्वेहून येतो आहे. त्याच्यासाठी शनिवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळी पस्तीस माणसांची पार्टी. बिर्याणी त्यांच्या घरची. दामिनीकडे सुरुवातीचं चटरमटर, आणि त्यात एक खास मासा. तो तिकडे समुद्रात होतो, त्याला धुरी दिलेली असते, आणि तो तसाच खातात.

मी विचारलं, तसाच म्हणजे तळून? नाही. वाफेवर? नाही. मग कसा?

“पाकीट उघडायचं आन मांडायचं, आबा. या ऑर्डरीत गॅस लागतच नाही. म्हणून तर तुमाले बोलावून राहिली. मले माणूस पाहिजे.”

मी म्हणालो, बाई, मी आचारी आहे, मांडणावळ करणारा नाही. ती म्हणाली, काकड्या पस्तीस माणसांच्या हिशेबाने किती आणायच्या ते तरी सांगा. पस्तीस माणसं, संध्याकाळची वेळ, अकोल्याची गर्मी. अकरा किलो, मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग तिने मोबाइलवर स्वतःचा हिशेब दाखवला, त्यात सहा लिहिलं होतं. तिने सहा खोडून अकरा केलं.

नितेशला ऐकून आनंद झाला नाही. तो वीज कंपनीत आहे, त्याला सगळीकडे ठिणगी दिसते. म्हणाला, चाकू तरी त्यांच्या हातात देऊ नको. माझ्या मनात आलं की डॉक्टरबाई वहीत वाचतील, एक काम नत्थुजीने पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट केलं, तर बटणांचा निकाल आपल्या बाजूने लागेल. तेव्हा यात चूक करून चालणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

तालीम केली. मासा सोडून सगळं होतं.

काकडीच्या जाड चकत्या. त्यावर चक्क्याचा गोळा. दामिनी त्यासाठी विकतचं चीज आणणार होती. मी म्हणालो, दह्याचा चक्का बांधतो, तुझ्या चीजच्या बापासारखा होईल. टोमॅटोच्या वाट्या कोरायच्या, त्यात कैरी आणि कांदा बारीक चिरून. गाजराचे लांब काप. वरून एक पाला पाहिजे, तो फक्त नागपूरला मिळतो, असं ती म्हणत होती. फोटो पाहिला तर शेपू. इथल्या इतवारा बाजारात ढीग पडलेला असतो. दामिनीला माहीत नव्हतं, तिने शेपू फक्त भाजीत पाहिलेली. पोरगी शिकलेली आहे, पण बाजारात कमी फिरलेली आहे.

माझी अडचण वेगळी आहे. फोडणीचा आवाज झाल्याशिवाय काम सुरू झालं असं मला वाटतच नाही. चिरून झालं, मांडून झालं, दामिनी म्हणाली, झालं आबा. मी तरी उभाच होतो.

दुर्गाबाईने एक चकती खाल्ली आणि विचारलं, “आन जेवन कधी हाय?”

१५ एप्रिल, मंगळवार

रात्रभर विचार केला, पस्तीसचे पंचेचाळीस झाले तर.

१६ एप्रिल, बुधवार

आता पन्नासचा विचार करतो आहे. पाच लिटर दुधाचं दही लावायला सांगितलं. दुर्गाबाई म्हणाली, तुमचं डोकं कमी झालं म्हणून डॉक्टरकडे नेलं होतं, मले तर ते जास्त झालेलं दिसते.

१८ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरबाई, आजचं पान मी फाडणार होतो. दोन वेळा पानाला हात घातला. पण तुम्ही खरं लिहा म्हणालात.

मासा सकाळी आला. मुंबईहून, बर्फाच्या पेटीत, सहा पाकिटं. दामिनी फ्रिजमध्ये ठेवून थर्माकोलच्या मोठ्या पेट्या आणायला गेली. नितेश ऑफिसात. दुर्गाबाई माशाच्या वासाला कंटाळून शेजारी जाऊन बसली. घरात मी एकटा आणि मासा.

मला फक्त पाहायचा होता. एक पाकीट उघडलं. वरूडच्या संत्र्याच्या सालीसारखा रंग, पातळ पातळ काप, हाताला बुळबुळीत. मी कोणत्याही घरात, कोणत्याही पंगतीत, मासा आला की पहिलं काय केलं आहे? हळद-मीठ चोळायचं, पाव तास ठेवायचं, तीन पाण्यांनी धुवायचं. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी चौदाव्या वर्षी हे हातावर पळी मारून शिकवलं होतं. न धुतलेला मासा पाहुण्यांना वाढला तर आचाऱ्याचं नाव जातं. पोरगी घाईत विसरली असेल, आपण करून ठेवू, तिचं काम हलकं होईल, असं वाटलं. पाकिटावर बारीक इंग्रजी होतं, ते माझ्यासाठी नव्हतं. तीन पाकिटं चोळली. तीन पाण्यांनी धुतली.

पहिल्या पाण्यातच त्याचा धूर निघून गेला. तिसऱ्या पाण्यानंतर परातीत पिवळा लगदा राहिला.

चौथं पाकीट कापणार तोच दामिनी आली. तिने परात पाहिली. हातातल्या पेट्या खाली ठेवल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त बसली. मुंबईहून दुसरा मासा यायला दोन दिवस लागतात आणि पार्टी उद्या आहे, हे मलाही कळत होतं.

मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, पोरी, तुझ्या बापाचं खरं आहे. माझ्या डोक्यात काही राहत नाही. तू सांगितलं होतंस, पाकीट उघडायचं आणि मांडायचं. मी विसरलो.

तिने नाकावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “तुमी विसरले नाही, आबा. तुमी आठवणीनं धुतलं. धुवू नका असं मीच सांगितलं नाही.”

हे ती माझ्या समाधानासाठी म्हणाली हे उघड आहे. तरी लिहून ठेवतो.

मग मी एक गोष्ट केली, ती नियमात बसते की नाही ते तुम्ही ठरवा. परातीसमोर उभा राहून मी हात चाटला. हळद, मीठ, आणि मागे किंचित धूर. मला कळलं की या सगळ्या नखऱ्यात खरी चीज मासा नाही, धूर आहे. आणि धूर तर आपल्याकडे आहे. वांग्याच्या भरताला धूर असतो. डाळीला धुंगार देतात. पेटता निखारा वाटीत ठेवायचा, वर तुपाचा थेंब, आणि झाकण. तसा चक्क्याला का देऊ नये? अर्ध्या चकत्यांवर मासा, अर्ध्यांवर धुराचा चक्का. उरलेल्या तीन पाकिटांत भागतं.

दामिनीने मान वर केली. “निखारा कुठून आणता? बटणं आजीपाशी.”

मी फाटकाकडे पाहिलं. सहदेव अजून कोळशाची इस्त्री वापरतो.

त्याला सगळं सांगितलं. त्याने इस्त्री उघडली आणि म्हणाला, “कोणता पाहिजे तो उचला, महाराज, पन शर्ट थंडे होऊन राहिले.” मी चिमट्याने चांगला लालबुंद एक निखारा निवडला. स्टीलच्या डब्यात चक्का, मध्ये वाटी, वाटीत निखारा, अर्धा चमचा तूप, झाकण. चार मिनिटं. कडुनिंबाखाली पाच-सहा माणसं जमली. कोणाच्या घरी लग्न आहे, असं एकाने विचारलं. झाकण काढून दामिनीला बोट लावायला दिलं. तिने बोट चाटलं, डोळे मिटले, आणि परत लावलं.

पिवळा लगदा सहदेवने मागून घेतला. घरी नेऊन तळला. संध्याकाळी सांगून गेला की असा मासा त्याने जन्मात खाल्ला नाही, फक्त मीठ थोडं पुढे होतं.

आता प्रश्न असा. मी काडी ओढलेली नाही. निखारा आधीपासून पेटलेला होता. फाटकाच्या बाहेर होता. पण विस्तवाला हात लावला हे खरं आहे. नितेशला सांगितलेलं नाही. दामिनीनेही नाही. मासा धुतल्याचंही आम्ही दोघांनी कोणाला सांगितलं नाही, पण परात अजून पिवळी आहे आणि दुर्गाबाईने ती तीन वेळा उलटून पाहिली.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी दोनला निघालो. गाडी नितेशने चालवली. त्याने आज सुट्टी टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाला, गाडीचं काम आहे. अंगाची लाही होत होती. थर्माकोलच्या पेट्यांवर मी ओली पोती गुंडाळली होती. उन्हाळी लग्नांत श्रीखंड असंच न्यायचो, बर्फ संपला तरी पोतं सांभाळतं. बडनेऱ्याला एकदा पाणी मारलं. मूर्तिजापूरला परत मारलं. नितेशची मागची सीट पूर्ण भिजली. तो आरशातून पाहत होता. तिसऱ्या वेळी त्याने न सांगता गाडी हँडपंपापाशी थांबवली.

कहकशाँ मॅडमचं घर मोठं, दोन कूलर लावलेले. दामिनीने टेबलावर सगळं मांडलं आणि मला सांगून ठेवलं की आता आपण मागे उभं राहायचं, लोक स्वतः घेतील. हे मला अवघड गेलं. माणूस आला आहे, ताट समोर आहे आणि कोणी आग्रह करत नाही, याला काय जेवण म्हणतात? लोक लांबून पाहत होते. मॅडमची मोठी बहीण नईमा खाला, त्यांनी माशाची चकती उचलून उजेडात धरली, विचारलं की ही कच्ची आहे का, आणि हळूच परत ठेवली. मला ते पाहवेना. मी ताट उचललं आणि पंगतीत फिरतो तसा फिरायला लागलो. एक घ्या. हा घ्या, धुराचा. दुसरा पण घ्या, तो एकटा जात नाही. खालांनी माझ्या भिडेने एक घेतला आणि मग ताट त्यांच्याजवळच थांबवून ठेवलं. दामिनी मागून डोळे वटारत होती. नंतर तिने दुसरं ताट उचललं आणि तीही फिरायला लागली.

तो शाहनवाज मुलगा उंच, दाढीवाला, सगळ्यांना मिठी मारणारा. मॅडम त्याच्या मागे माशाचं ताट घेऊन. बेटा, तेरी पसंद का है. तो हसून एक घ्यायचा, हातातच ठेवायचा आणि दुसऱ्याच कोणाला द्यायचा. मी हे तीनदा पाहिलं. म्हटलं, मासा खराब झाला, पोत्यात काही कमी पडलं.

मग तो माझ्यापाशी आला. धुराच्या चक्क्याची एक चकती खाल्ली. थांबला. आणखी एक. तिसरी चावत मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाला, “चाचा, छह साल से रोज वही मछली सामने आती है. अम्मी को मत बोलना.”

मी म्हणालो, नाही बोलणार. तो चौथी घेत म्हणाला की यात चुलीचा धूर आहे, त्याच्या नानीच्या घरी, बार्शीटाकळीला, असा वास यायचा. एवढं बोलला तेव्हा मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी माशाचं ताट टेबलावर ठेवून दिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, मग स्वतः एक चकती खाल्ली, आणि डोळ्याला रुमाल लावला. कूलरची हवा डोळ्यांना लागत असावी.

सव्वासातला धुराच्या चकत्या संपल्या. सगळ्या. अकरा किलो काकडीचा एक तुकडा राहिला नाही. माशाच्या नऊ उरल्या, त्या खालांनी मागाहून डब्यात भरून घेतल्या, म्हणाल्या, घरी तव्यावर टाकून पाहते.

पण घोळ इथेच झाला. मॅडम सगळ्यांसमोर नितेशला म्हणाल्या, तुमच्या वालिदसाहेबांनी धूर कसा दिला, आम्हालाही सांगा. नितेशने माझ्याकडे पाहिलं. फेब्रुवारीत पातेल्याकडे पाहिलं होतं तसं.

परतताना मूर्तिजापूरला नितेशने चहाला गाडी थांबवली. दामिनी गाडीत झोपली होती. मी सगळं सांगून टाकलं, परात, हळद, सहदेवची इस्त्री, सगळं. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, “बाबा, निखारा चिमट्यानं कोनं धरला?”

“मीच.”

“हात थरथरला?”

“नाही.”

“तूप किती टाकलं?”

“अर्धा चमचा. जास्त टाकलं तर कडवट होते.”

“झाकन किती वेळ?”

“चार मिनिटं. घड्याळ सहदेवचं होतं.”

“आन निखारा मंग कुठं गेला?”

“परत इस्त्रीत. त्याचे शर्ट राहिले होते.”

तो ग्लास हातात धरून बसला. त्याच्या तीन बोटांवरची कातडी अजून वेगळ्या रंगाची आहे. उठताना म्हणाला, चहात आलं कमी आहे, तुमी टाकता तसं नाही. रागावला असावा. रागावला की तो खाण्यापिण्याला नावं ठेवतो.

२० एप्रिल, रविवार

सकाळी नितेश आणि दुर्गाबाई अंगणात बराच वेळ हळू बोलत होते. मी गेलो तर गप्प झाले. वचन मोडल्याची गोष्ट असणार. मला जेवण गेलं नाही.

दामिनी मात्र नाचते आहे. मॅडमच्या ओळखीतून अकोल्याच्याच दोन ऑर्डरी आल्या आणि दोघांनीही आधी धुराचा चक्का मागितला. ती छापील कार्ड करणार आहे, त्यावर “आबांचा धुराचा चक्का” असं लिहिणार. मी म्हणालो, माझं नाव नको, लोक विचारतील कोण आबा. ती म्हणाली, विचारू द्या. दुसरी काळजी मी तिला सांगितली नाही. सहदेव पुढच्या महिन्यात विजेची इस्त्री घेणार आहे. मग निखारा कुठून आणायचा?

२१ एप्रिल, सोमवार

एक चमत्कारिक गोष्ट. काल दुपारी दुर्गाबाई भजनाला गेली आणि मी पाणी प्यायला आत गेलो, तर शेगडीवर छोट्या बर्नरचं बटण बसवलेलं. मोठ्याचं नव्हतं. ती काढायला विसरली. मी ते पाहिलं, हात लावला नाही. आज परत तसंच. शिवाय शेगडीजवळ चहाचं पातेलं, त्यात दीड कप पाणी आधीच ओतलेलं, साखरेचा डबा उघडा, आणि आल्याचा तुकडा खलबत्त्यावर. अर्धवट काम टाकून कोणी बाहेर जातं का? तिने आयुष्यात कधी असं केलं नाही.

मी शेगडीजवळ खुर्ची टाकली आणि ती येईपर्यंत तिथेच बसलो. दीड तास. काही होऊ नये म्हणून.

ती आली, दारातच थांबली. “हे काय करता?”

“राखन करून राहिलो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग पातेल्याकडे. तिने पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि म्हणाली, “तुमच्यासारखा मानूस मी पायला नाही.”

भांबावली असेल. मी तिला बोललो नाही.

२३ एप्रिल, बुधवार

सलग चौथा दिवस. आज तर लायटरही शेगडीवर आणि त्याच्याजवळ माझा कप, पितळी कडीचा. दामिनी दारातून पाहून हसली आणि निघून गेली. नितेश कामावर जाताना आत डोकावला, शेगडी त्याने नक्की पाहिली, कारण तो ठिणगी शोधणारा माणूस आहे, पण बटण काढलं नाही. घाईत होता.

२४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरबाई, आज तुमच्या दवाखान्यात फोन लावला होता. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम रजेवर आहेत, अठ्ठावीसची तारीख आता पाच मेला गेली. म्हणून ही पानं मी दामिनीकडून फोटो काढवून तुमच्या मोबाइलवर पाठवतो आहे. अक्षर वाईट आहे, तेवढं समजून घ्या. माशाचं पान फाडलेलं नाही. निखाऱ्याचंही नाही. त्यावरून माझ्याबद्दल जे ठरवायचं ते ठरवा, मी आता घाई करत नाही.

घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. दुर्गाबाई अडुसष्टची आहे. आजवर तिच्या हातून चमचा इकडचा तिकडे झाला नाही, आणि आज पाचव्या दिवशीही ती छोटं बटण शेगडीवरच विसरून गेली. जाताना मला दारातून सांगून गेली की मी दोन तास येत नाही, नितेशबी नाही, दामिनीबी नाही, आन दूध ताजं हाय. हे सगळं मला सांगायचं काय कारण होतं, मला समजलं नाही. ती गेल्यापासून मी शेगडीसमोर बसलो आहे आणि इथेच बसून हे लिहितो आहे. चहाची वेळ होऊन गेली.

मी हे नितेशला सांगितलेलं नाही. उगाच तिचीही बटणं काढून घेईल. तुम्ही तिला वही देणार असाल तर माझ्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यातच चालेल. पाच तारखेला तिलाही सोबत आणू का, एवढं कृपा करून कळवा. आणि लवकर कळवा, कारण आज तिने आलं किसूनही ठेवलं आहे, आणि किसलेलं आलं फार वेळ टिकत नाही.